लोकसंगीताचा बँड इलेक्ट्रिककडे वळतोय? पहिल्या सिंगलमध्ये या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाण्याची बांधणी तशीच ठेवून तिच्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्स चढवणं. दोन-तीन वाद्यांच्या बँडमध्ये अकूस्टिक गिटार सतत सगळ्या तारांवर चालू असते, कारण ती थांबली की गाणं रिकामं वाटतं. ड्रम्स आल्यावरही ती तशीच वाजत राहिली, तर गायकाला जागाच उरत नाही.

यासाठी लंडनच्या टायरॅनोसॉरस रेक्स या दोघांच्या बँडची दोन सिंगल्स (सुटी प्रसिद्ध केलेली गाणी) लागोपाठ ऐका. मार्क बोलन अकूस्टिक गिटारवर गायचा, स्टीव्ह टूक बोंगो वाजवायचा. जुलै १९६९मध्ये त्यांनी निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीबरोबर ‘किंग ऑफ द रम्ब्लिंग स्पायर्स’ काढलं : इलेक्ट्रिक गिटार, ड्रम किट, सगळं एकदम. मला ते आवडतं, धाडसी आहे. पण बोलनचा थरथरता आवाज त्या गर्दीत दबतो. ब्रिटिश चार्टवर ते ४४व्या क्रमांकावर अडलं. आदल्या वर्षीचं ‘वन इंच रॉक’ २८व्यापर्यंत पोचलं होतं. पुढे टूक गेला, मिकी फिन आला, नाव टी. रेक्स झालं आणि ऑक्टोबर १९७०मध्ये आलं ‘राइड अ व्हाइट स्वॉन’. त्यात ड्रम किट नाहीच! इलेक्ट्रिक गिटार, बास, टाळ्या आणि व्हायोलिन्स. निर्माता तोच, क्रमांक दुसरा. चार्टला इतरही कारणं असतात, पण हा मोकळेपणा कानाला लगेच जाणवतो. तेव्हा नवं वाद्य आणताना जुन्यांपैकी कोणी काय सोडायचं ते आधी ठरवा. बास आला की गिटारने खालच्या तारा कमी छेडाव्यात.

दुसरी अडचण लयीची. अकूस्टिक गाणं गायकाच्या श्वासाबरोबर थोडं मागेपुढे होतं आणि तेच त्याचं सौंदर्य असतं. १९६४मध्ये सायमन आणि गारफंकल या अमेरिकी गायकजोडीने ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ केवळ अकूस्टिक साथीवर रेकॉर्ड केलं होतं. जून १९६५मध्ये निर्माता टॉम विल्सनने त्या दोघांना न विचारता त्यावर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम्स चढवले. जानेवारी १९६६मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पण मूळ लय हलती असल्यामुळे वादकांना गाण्यामागे जावं लागलं. तुमच्याकडेही जुना ट्रॅक असेल, तर आवाज ताणून क्लिकवर (वादकांच्या कानात वाजणाऱ्या ठरावीक लयीच्या टिकटिकीवर) बसवू नका. ट्रॅकची लय पकडून त्यावर क्लिक तयार करा. नव्याने रेकॉर्ड करणार असाल तर ड्रम्स आधी घ्या.

स्टेजवर अकूस्टिक गिटार घूं करायला लागली, तर आवाज कमी करण्याआधी मॉनिटरची (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरची) दिशा बदला. मग गिटारच्या तोंडावर रबरी झाकण बसवा, प्रीॲम्पवरचं (गिटारचा सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणावरचं) फेजचं, म्हणजे ध्वनिलहर उलटी करणारं, बटण दाबून पाहा आणि ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. गिटारच्या पोकळीचा अनुनाद साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. घूं तरीही थांबली नाही, तर नॉच फिल्टर (एकच अरुंद स्वरपट्टा कापणारा फिल्टर) तिथपासून फिरवायला सुरुवात करा.

राहता राहिली लांबी. लोकगीताची सगळी कडवी सिंगलमध्ये घ्यायचा मोह होतोच. बर्ड्स या अमेरिकी बँडने १९६५मध्ये बॉब डिलनच्या ‘मिस्टर टॅम्बोरिन मॅन’मधल्या चार कडव्यांपैकी एकच ठेवलं आणि गाणं अडीच मिनिटांच्या आत संपवलं. बाकीची कडवी मैफलीत गा.