थंडीत अमिनो आम्लांच्या द्रावणात साका का बसतो आणि तो कसा टाळावा

थंडी वाढू लागली की पिकांच्या वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या अमिनो आम्लयुक्त जैव उत्तेजकांबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. उन्हाळ्यात स्वच्छ दिसणाऱ्या द्रव उत्पादनाच्या तळाशी पांढरट खडे दिसू लागतात, भुकटी नेहमीच्या वेळेत विरघळत नाही आणि ठिबकच्या गाळणीवर बारीक रवा अडकतो. अशा वेळी काही जण माल भेसळीचा आहे असे समजतात, तर काही जण वरची निवळी वापरून तळ ओतून देतात. पुष्कळदा माल चांगलाच असतो. बदललेले असते ते पाण्याचे तापमान, त्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे माप) आणि आपण केलेल्या द्रावणाची तीव्रता. तळ ओतून दिल्यास ज्यासाठी पैसे मोजले तोच भाग वाया जातो.

अमिनो आम्ल हा एकच पदार्थ नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. प्रथिनांत साधारण वीस प्रकारची अमिनो आम्ले आढळतात आणि पाण्यात विरघळण्याची त्यांची क्षमता एकमेकांपासून फार वेगळी असते. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात ग्लायसिन सुमारे २५० ग्रॅम, ॲलानिन सुमारे १६५ ग्रॅम आणि प्रोलिन तर दीड किलोहून अधिक विरघळते. त्याच पाण्यात ग्लुटामिक आम्ल जेमतेम ८.६ ग्रॅम, टायरोसिन अर्ध्या ग्रॅमहून कमी आणि सिस्टिन सुमारे ०.१ ग्रॅम एवढेच विरघळते. रेणूची बाजूची साखळी लहान किंवा पाण्याशी जुळणारी असेल तर तो सहज विरघळतो. साखळी तेलकट स्वभावाची असेल, किंवा रेणू स्फटिकात एकमेकांना घट्ट धरून बसत असतील, तर विद्राव्यता घटते. म्हणूनच कोणत्या तापमानाला आणि किती पाण्यात हे न सांगता वेष्टनावर छापलेल्या ‘शंभर टक्के विद्राव्य’ या शब्दांना माझ्या मते फारसा अर्थ नाही.

तापमानाचा परिणाम थेट असतो. बहुतेक अमिनो आम्ले विरघळताना पाण्यातील उष्णता शोषून घेतात, त्यामुळे पाणी जितके थंड तितकी त्यांची विद्राव्यता कमी होते. २५ अंशांना लिटरमध्ये २५० ग्रॅम विरघळणारे ग्लायसिन शून्य अंशाजवळ सुमारे १४० ग्रॅमवर येते, तर ग्लुटामिक आम्ल ८.६ वरून ३.४ ग्रॅमवर, म्हणजे निम्म्याहूनही खाली उतरते. इथे युरियाची एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. युरिया विरघळताना बादलीला हात लावला तर ती गार लागते, कारण तोही पाण्यातील उष्णता ओढून घेतो. आधीच थंड असलेल्या पाण्यात प्रथम भरपूर युरिया आणि लगेच त्यावर अमिनो आम्लाची भुकटी टाकली, तर भुकटीला मिळणारे पाणी आणखी थंड झालेले असते आणि ती गुठळ्या धरून तळाशी बसते. म्हणून युरिया विरघळल्यावर पाणी पुन्हा हवेच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे, किंवा अमिनो आम्ल वेगळ्या भांड्यात विरघळवून मग मिसळावे.

विरघळण्याचा वेग आणि विरघळण्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुकटी बारीक केल्याने किंवा जोरात ढवळल्याने वेग वाढतो, परंतु मर्यादा तीच राहते. अर्धा तास ढवळूनही साका उरत असेल तर आणखी ढवळण्यात श्रम घालवू नयेत. त्याऐवजी पाणी वाढवावे, कोमट करावे किंवा सामू तपासावा.

सामूचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा असून प्रत्यक्षात त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अमिनो आम्लाच्या प्रत्येक रेणूला एक आम्लधर्मी आणि एक अल्कधर्मी टोक असते, त्यामुळे पाण्यात तो एकाच वेळी ऋण आणि धन असे दोन्ही विद्युतभार धारण करू शकतो. ज्या सामूला हे दोन्ही भार नेमके समतोल होतात, त्याला त्या आम्लाचा समविद्युत बिंदू म्हणतात, आणि त्या बिंदूवर विद्राव्यता सर्वांत कमी असते. ग्लायसिन आणि ॲलानिन यांचा हा बिंदू सामू ६ च्या आसपास, लायसिनचा ९.७ जवळ, तर ग्लुटामिक आम्लाचा ३.२ जवळ असतो. ग्लायसिन मुळातच भरपूर विरघळत असल्याने त्याचा त्रास जाणवत नाही, पण ग्लुटामिक आम्लाची अडचण खरी आहे. सामू ६ ते ७ असताना ते सोडियम, पोटॅशियम किंवा अमोनियमच्या क्षाराच्या रूपात असते आणि हे क्षार कितीतरी पटींनी अधिक विरघळतात. त्याच द्रावणाचा सामू ३.२ च्या जवळ नेला की ते पुन्हा मूळ आम्लाच्या रूपात येऊन स्फटिक बनून खाली बसते. ग्लुटामेट तयार करणारे कारखाने आंबवणीच्या द्रवातून हे आम्ल वेगळे काढण्यासाठी नेमकी हीच युक्ती वापरतात. ठिबकचे ड्रीपर साफ राहावेत म्हणून खताच्या टाकीत फॉस्फोरिक आम्ल ओतणारा शेतकरी, त्याच टाकीत अमिनो आम्लाचे घट्ट द्रावण असेल तर, नकळत तेच करत असतो. आम्ल प्रक्रिया आणि अमिनो आम्ल एकाच दिवशी एकाच टाकीतून देऊ नयेत.

साका फवारणीच्या पंपात सहसा होत नाही, तो घट्ट मूळ द्रावणात होतो. हे एका उदाहरणाने पाहता येईल. ज्या भुकटीत १० टक्के मुक्त ग्लुटामिक आम्ल आहे, अशी १ किलो भुकटी ५ लिटर पाण्यात कालवली, तर लिटरमागे २० ग्रॅम ग्लुटामिक आम्ल येते. पाणी १० अंशांचे आणि सामू ३.२ च्या जवळ असेल तर लिटरमागे सुमारे ५ ग्रॅमच विरघळू शकते, म्हणजे एकूण जवळपास ७५ ग्रॅम आम्ल तळाशी राहणार. हीच भुकटी लिटरमागे ३ ग्रॅम या प्रमाणात फवारणीच्या पाण्यात टाकली तर ग्लुटामिक आम्ल केवळ ०.३ ग्रॅम येते आणि कितीही थंड पाण्यात ते सहज मावते. म्हणून थंडीत व्हेंचुरीच्या (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या साधनाच्या) किंवा खताच्या टाकीतील द्रावण नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट पातळ करावे आणि ते अधिक वेळ सोडावे.

कच्चा माल कोणता, यावरही बरेच अवलंबून असते. कातडे व हाडे यांतील कोलॅजेन या प्रथिनापासून बनवलेल्या उत्पादनांत ग्लायसिन आणि प्रोलिन अधिक असल्याने ती सहज विरघळतात, मात्र त्यातील प्रथिने पुरेशी फोडलेली नसतील तर थंडीत बाटलीतील द्रव जेलीसारखा घट्ट होतो आणि कोमट पाण्यात ठेवल्यावर पुन्हा वाहू लागतो. पिसे आणि केस यांच्यापासून बनवलेल्या मालात सिस्टिन जास्त असते आणि ते तळाशी बसण्याची शक्यता कायम राहते.

द्रावणात इतर खते मिसळली असतील तर साक्याचा दोष अमिनो आम्लांवर ढकलण्याआधी थोडा विचार करावा. कॅल्शियम नायट्रेटसोबत फॉस्फेट किंवा सल्फेटयुक्त खत आले की अविद्राव्य कॅल्शियम क्षार तयार होतात आणि जड पाण्यात कॅल्शियम आधीच असते. अमोनियम सल्फेटचे फार घट्ट द्रावण लांब साखळीच्या प्रथिन तुकड्यांना पाण्याबाहेर ढकलते, त्यामुळे द्रावण गढूळ होते किंवा त्यात कणांचे पुंजके दिसतात. तांब्याचे उदाहरण उलट आहे. मोरचुदाच्या फिकट निळ्या द्रावणात ग्लायसिन टाकले की रंग गडद निळा होतो, कारण अमिनो आम्ल तांब्याला धरून विद्राव्य संयुग बनवते. हे दिसायला छान असले तरी अशा रूपातील तांबे पानात अधिक प्रमाणात शिरून पाने करपवू शकते, आणि थंड, दमट हवेत फवारा उशिरा वाळत असल्याने हा धोका वाढतो. ताम्रयुक्त बुरशीनाशक आणि अमिनो आम्ल एकत्र फवारू नयेत, आणि दोन फवारण्यांत लेबलवर दिलेले अंतर पाळावे.

साका नेमका कशाचा आहे हे घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येते. चमचाभर साका थोड्या थंड पाण्याने धुऊन घ्यावा आणि पेलाभर ५० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात ढवळावा. चकचकीत खडे विरघळून गेले तर ती अमिनो आम्ले होती आणि माल वापरण्याजोगा आहे. न विरघळलेल्या भागावर व्हिनेगरचे काही थेंब टाकल्यावर बुडबुडे आले तर तो चुनखडीचा अंश समजावा. बुडबुडे न येता कण तसेच राहिले तर जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) किंवा सिस्टिन-टायरोसिन यांची शक्यता अधिक असते.

बाटलीत खडे धरले असतील तर झाकण घट्ट लावून ती ४० ते ५० अंशांच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास उभी ठेवावी, अधूनमधून उलटी-सुलटी करावी आणि सर्व द्रव एकजीव झाल्यावरच मापाने घ्यावी. बाटली थेट विस्तवावर ठेवू नये आणि उकळते पाणीही वापरू नये, कारण उत्पादनात साखर असल्यास तीव्र उष्णतेने तिची अमिनो आम्लांशी प्रक्रिया होऊन द्रव काळपट पडतो. भुकटी वापरताना प्रथम लागणाऱ्या पाण्याच्या निम्मे पाणी घ्यावे, सामू पट्टीने तपासून तो ६ ते ७ दरम्यान ठेवावा, भुकटी हळूहळू भुरभुरावी आणि मग उरलेले पाणी घालावे. मिश्रण नवे असेल तर त्याच पाण्यात, त्याच प्रमाणात एक लिटर नमुना करून तासभर सावलीत ठेवावा. फवारणीसाठी दुपारच्या आधी टाकीत साठवलेले, थोडे उबदार झालेले पाणी घेतल्यास निम्मे काम आपोआप होते.

तयार केलेले द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, कारण जिवाणूंना ते आयते अन्न असते आणि ते घट्ट असेल तर रात्रीच्या गारठ्यात त्यातून पुन्हा खडे वेगळे होतात. ठिबकमधून दिल्यावर शेवटची दहा-पंधरा मिनिटे साधे पाणी सोडावे आणि लॅटरलची (ओळींतून जाणाऱ्या ठिबकच्या नळ्यांची) टोके उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यावे.