रविवारचं वाटण, आठवड्याचे डबे

बायको नर्स आहे. महिन्यातला एक आठवडा तिची नाईट असते आणि त्या आठवड्यात आमच्या डोंबिवलीच्या घरातले सगळे डबे माझ्या गळ्यात पडतात. मुलगी सहावीत, मुलगा पहिलीत, एक माझा ऑफिसचा, शिवाय घरी अण्णा. त्यांचा डबा म्हणजे ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट. शाळेची व्हॅन सहा पन्नासला कोपऱ्यावर हॉर्न मारते आणि एक मिनिटही थांबत नाही.

सुरुवातीला मी शहाणपणा करून रात्रीच भाजी करून फ्रीजमध्ये ठेवायचो. मुलगी पहिल्या घासाला ओळखायची. डबा अर्धा परत. मग लक्षात आलं की सकाळी वेळ फोडणीत जातच नाही. वेळ जातो कांदा चिरण्यात, लसूण सोलण्यात, मिक्सर धुण्यात. आणि पहाटे साडेपाचला मिक्सर लावला की अण्णा उठून विचारतात, "कोण आलंय रे?" म्हणून आता रविवारी फक्त वाटण करतो. भाजी रोज ताजी.

प्रमाण असं: मध्यम आकाराचे 5 कांदे उभे चिरून, 1 वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, 15 लसणीच्या पाकळ्या, दोन बोटं आलं, 2 चमचे धणे, 1 चमचा जिरे, मूठभर कोथिंबीर देठांसकट. मिरची किंवा तिखट यात अजिबात नको. का ते पुढे सांगतो.

आधी कोरड्या कढईत धणे-जिरे, मग मंद आचेवर खोबरं. खोबऱ्याशी गप्पा मारू नका, फोन घेऊ नका. ते बराच वेळ पांढरं राहतं आणि मग एकदम रंग धरतं. बदामी दिसलं की लगेच ताटात काढायचं, कारण गॅस बंद केला तरी तापलेल्या कढईत ते भाजतच राहतं. मी एकदा तसंच ठेवून दार उघडायला गेलो होतो. खोबरं करपलं, कडवट झालं आणि हावरटासारखं मी तेच वापरलं. चार दिवस चारही भाज्या कडू.

कांद्याला मात्र वेळ द्यायचा. 3 चमचे तेल, चिमूटभर मीठ (त्याने पाणी लवकर सुटतं), आणि निदान 20 मिनिटं. आधी तो पारदर्शक होतो, मग मऊ पडून कढईत एका कोपऱ्यात मावतो. इथेच बहुतेक जण थांबतात आणि मग वाटण गोडसर, कच्चट लागतं. कडा तपकिरी होऊन उलथन्याला चिकटायला लागल्या, उग्र वास जाऊन खरपूस वास आला की आलं-लसूण टाकून आणखी दोन-तीन मिनिटं परतायचं. आई फोनवर अजून विचारते, "कांदा भाजलास की नुसता शेकलास?"

मग पूर्ण गार होऊ द्या. मसाला गरम असतानाच मिक्सरमध्ये घातला तर वाफेने झाकण उडतं. आमच्या छताला त्याचा डाग आहे. कोथिंबीर यातच टाकायची. पाणी अगदी लागेल तेवढंच, चमचा-चमचा. पाणी जास्त झालं की बुधवारपर्यंत आंबूस वास येतो. कोरड्या स्टीलच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये, आणि काढताना चमचा कोरडाच हवा. गुरुवार-शुक्रवारचा वाटा मी पहिल्याच दिवशी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो.

वाटणाच्या जोडीला मटकी. शनिवारी रात्री भिजत घालायची, रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड दिसतात, थंडीत सोमवारची सकाळ उजाडते. मोड आले की धुऊन फ्रीजमध्ये.

सोमवारी सकाळी साडेपाचला एका शेगडीवर कुकर, दुसरीवर कढई. तेल, मोहरी, हिंग, हळद, 2 मोठे चमचे वाटण. कडेने तेल सुटलं की मटकी, मीठ, थोडं पाणी. वर खोलगट ताटली झाकून तिच्यात पाणी ओतायचं. खाली वाफ धरली जाते आणि रस्सा वाढवायला गरम पाणी आयतं हाताशी राहतं. गार पाणी ओतून उकळी मोडायची नाही. 12-15 मिनिटांत मटकी शिजते. गूळ, आमसूल. आता मुलाचा वाटा काढून घ्यायचा आणि मगच उरलेल्यात कांदा-लसूण मसाला घालून एक उकळी. वाटणात तिखट नको म्हटलं ते यासाठी. कुकर उतरला की त्या शेगडीवर पोळ्या. कणीक रात्रीच भिजवून तेलाचा हात लावून झाकून ठेवलेली असते. दुसऱ्या दिवशी ती जरा काळपट दिसते, पण पोळी चांगली होते.

मंगळवारी वांगी-बटाटा, बुधवारी त्याच वाटणात दाण्याचं कूट घालून दोडका, गुरुवारी वाटाणा. पालेभाजीला हे वाटण लावू नका, मेथी तर पार हरवते. छोट्या सुट्टीच्या डब्याला मी डोकं लावत नाही: चुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू, केळं.

शुक्रवारी ट्रेमधले शेवटचे दोन खडे अंडाकरीला. अंडी शाळेच्या डब्यात चालत नाहीत, म्हणून मुलांना बटाट्याच्या काचऱ्या आणि अंडाकरी रात्रीसाठी. त्या दिवशी ही झोप काढून उठलेली असते. ती आधी रस्सा चाखते, मग माझ्याकडे बघते आणि मिठाचा डबा पुढे ओढते.