पाडव्याच्या सौद्याआधी: गुळाची पट्टी मोंगोडीबीत बसवताना

पट्टी म्हणजे गूळ विकल्यावर अडत्या शेतकऱ्याला देतो तो हिशेबाचा कागद. तो मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये उतरवायचाय, पण लॅपटॉप नंतर उघडा. आधी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात जाऊन ओळखीच्या अडत दुकानातून गेल्या हंगामातली एक भरलेली पट्टी मागून आणा. वर शेतकऱ्याचं नाव-गाव, मधे रव्यांचे (गुळाच्या ढेपांचे) लॉट, वजन, दर, खाली हमाली, तोलाई, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) वळती, शेवटी हातात पडणारी रक्कम. हा कागद अख्खाच या हातातून त्या हातात जातो. मोंगोडीबीतलं डॉक्युमेंट, म्हणजे एक अख्खी नोंद, तसंच असतं, त्याची पाच टेबलं करायच्या सवयीला इथं आवर घाला.

मग पट्टी, लॉट, शेतकरी, अडत्या अशा क्लासेसची (प्रोग्राममधल्या साच्यांची) आकृती काढा आणि त्यांना जोडणाऱ्या प्रत्येक रेघेवर पेनानं ‘आत’ (त्याच डॉक्युमेंटमध्ये) की ‘आयडी’ (वेगळं डॉक्युमेंट, इथं फक्त त्याचा क्रमांक) ते लिहा. पट्टी फाडली तर लॉटची ओळ उरते का? नाही, म्हणून ती आत. शेतकरी मात्र उरतोच, त्याचा फक्त आयडी ठेवायचा. त्याचं नाव, गाव आणि त्या दिवशीचा दर पट्टीतही उतरवून घ्या, कारण उद्या नावातली चूक दुरुस्त केली तरी जुनी पट्टी छापलेली तशीच दिसायला हवी. फोन नंबर उतरवू नका, तो कायम ताजाच लागतो.

उलट बाजूनं, म्हणजे अडत्याच्या डॉक्युमेंटमध्ये त्याच्या सगळ्या पट्ट्यांची अ‍ॅरे (यादी), असं अजिबात करू नका. मी केलंय. डॉक्युमेंटची मर्यादा १६ एमबी, पण तिथवर पोचायच्या कितीतरी आधी नुसतं दुकानाचं नाव दाखवायला सगळ्या पट्ट्या ओढल्या जायला लागल्या, आणि ऐन सौद्यात स्क्रीन फिरत बसली. पट्टीत अडत्याचा आयडी आणि त्यावर इंडेक्स (पटकन शोधायची सूची), एवढं पुरतं. दुसरीकडची डॉक्युमेंटं जोडून आणणारा लुकअप मोंगोडीबीच्या ३.२ आवृत्तीपासून आहे, अधूनमधून वापरा. प्रत्येक स्क्रीनला लागत असेल तर मांडणीच चुकलीय.

उचल हा खरा गुंता. पट्टी लिहायची आणि त्याच दमात शेतकऱ्याच्या खात्यावरची बाकी कमी करायची, म्हणजे दोन डॉक्युमेंटं. मधेच वीज गेली तर भांडण तुमच्या दारात. दोन्ही होतील नाहीतर एकही नाही, अशी ट्रान्झॅक्शन २०१८ च्या ४.० पासून मिळते, पण सुट्या एकट्या सर्व्हरवर नाही, रेप्लिका सेट (एकाच डेटाच्या प्रती ठेवणारा सर्व्हरांचा गट) लागतो. म्हणून स्वतःच्या मशीनवरही एका नोडचा (सर्व्हरचा) का होईना, रेप्लिका सेट चालू करून ठेवा.

रकमा डबल या प्रकारात नकोत, त्यात दशांश नेमके बसत नाहीत. नेमके दशांश ठेवणारा डेसिमल१२८ घ्या, नाहीतर सरळ पैशांत पूर्णांक. मोंगोडीबीत फॉरेन की (आयडीमागची नोंद खरंच आहे ना हे राखणारा नियम) नाही, तेव्हा शेतकरी डिलीट करायचं बटणच देऊ नका, ‘बंद’ अशी खूण पुरे.

शेवटी शंभरेक जुन्या पट्ट्या भरा, शोध कसा चालतो ते सांगणारं एक्सप्लेन चालवा, कोलस्कॅन (एकूण एक डॉक्युमेंट चाळणं) दिसला तर इंडेक्स बघा. आणि एक पट्टी छापून दिवाणजींच्या पुढ्यात कागदी पट्टीशेजारी ठेवा. बेरीज ते तोंडीच करतील.