ओटीपोट दुखतंय? केगल नंतर, आधी सैल सोडायला शिका

मिरचीची फोडणी टाकली, शिंक आली अन् गाऊन ओला. दुसऱ्या डिलिव्हरीनंतर माझं हे रोजचंच होतं, कोणाला सांगणार, म्हणून यूट्यूब पाहून दिवसाला शंभर शंभर केगल (खालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम) करून राहिली होती मी. महिन्याभरात लघवी गळणं तसंच, वरून माकडहाडापाशी ठणका, स्कूटीवर बसून ब्रेकर आला की जीव जायचा. गायनॅकने तपासून फिजिओकडे पाठवलं तेव्हा कळलं की माझे खालचे स्नायू, म्हणजे लघवी-संडास रोखून धरणारे पेल्विक फ्लोअरचे स्नायू, ढिले नव्हतेच, चोवीस तास आवळलेले होते, आणि सतत आवळलेला स्नायू दुखतो पण आणि ऐन शिंकेला दगा पण देतो.

तर ओटीपोट दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायलाच वेळ लागतो असं काही असेल तर तपासणी होईपर्यंत केगल बंद.

मला पहिले पंधरा दिवस फक्त श्वास दिला होता. पाठीवर झोपा, गुडघ्याखाली उशी, एक हात छातीवर एक बेंबीखाली. नाकाने श्वास घ्या, खालचा हात वर आला पाहिजे, वरचा जवळपास हलू नये. श्वास आत जाताना खालची जागा आपोआप थोडी पसरते, तिथे फक्त लक्ष द्यायचं, जोर लावून ढकलायचं नाही, दात आवळायचे नाही. पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. सुरुवातीला काहीच कळत नाही, मी तर कूलरसमोर चक्क झोपून जायची.

फिजिओ मॅडमने हो म्हटलं की मग केगल. गॅस रोखतो तसं मागून सुरू करून पुढे लघवीच्या जागेपर्यंत आत-वर ओढायचं, ढुंगण अन् मांड्या मोकळ्या. आकडे मोठ्याने मोजा म्हणजे श्वास अडकत नाही. जितके सेकंद धरलं निदान तितके पूर्ण सोडायचं, हे सोडणंच सगळ्या विसरतात. साधारण 8 वेळा, दिवसातून 3 दा, निदान 3 महिने. लघवी मधेच थांबवून प्रॅक्टिस करू नका. शिंक, खोकला, पाण्याची बादली, याच्या क्षणभर आधी आवळायचं.

आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात सीताबर्डीला जायचं म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं, हे तर बंदच करा बापा. लघवी घट्ट होऊन जळजळते, संडास कडक होतो, मग कुंथणं आलं, अन् सगळा जोर त्याच स्नायूंवर. इंग्लिश टॉयलेट असेल तर पायाखाली पाट घ्या. निघताना उगाच "एकदा जाऊन येते" ही सवय पण कमी करा, लघवीच्या थैलीला थोडंसं भरलं तरी घाई करायची सवय लागते.

ताप, लघवीत रक्त, पाळी गेल्यावर रक्तस्राव, मांड्यांच्या मधे बधिरपणा, लघवी अडकणं, यातलं काही असेल तर व्यायाम बाजूला, त्याच दिवशी डॉक्टर.

प्रत्येक फिजिओ हे काम करत नाही, फोनवरच "पेल्विक फ्लोअरचं करता का" विचारा. नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, गायनॅक आणि फिजिओ दोन्ही आहेत, तिथेही विचारता येईल. आतून तपासणी म्हणजे ग्लोव्ह घालून एक बोट, तेही तुम्हाला विचारून. नको वाटलं तर नाही म्हणा, मी पहिल्या वेळी नाहीच म्हटलं होतं, फिजिओ मॅडम म्हणाल्या ठीक आहे, आज नुसता श्वास पाहू.