पाणबुडीवाल्याची स्मृतिसभा घेताय? आधी बोटीवरचा साथीदार शोधा

गावात पाणबुडीवर नोकरी केलेला माणूस वारला आणि त्याच्या नावानं सभा घ्यायची ठरली की लोक आधी मंडप आणि पाहुणे ठरवतात. ते मागून होईल. आधी त्याच्या बोटीवरचा माणूस शोधा. पाणबुडीवाले पाणबुडीला बोटच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. त्याच बोटीत त्याच्यासोबत राहिलेला, आज हयात असलेला आणि फोनवर बोलू शकेल असा एक तरी माणूस हवा. मागच्या वेळी आमच्याकडे नेमकं हेच राहून गेलं. भाषणं पुष्कळ झाली. देशसेवा, शिस्त, साधी राहणी असं सगळं त्यात आलं, पण तीच भाषणं एखाद्या पटवाऱ्याच्या नाहीतर मास्तरांच्या सभेतही चालली असती. हा माणूस ऐन उमेदीची वर्षं समुद्राखाली काय करत होता, ते एकालाही सांगता आलं नाही. घरच्यांनाही माहीत नव्हतं. हे लोक घरी बोलतच नाहीत. कुठे गेलो, किती दिवस होतो, काय पाहिलं, हे न सांगण्याची सवय नोकरीत अंगी मुरलेली असते. सुटीवर आले की ते पऱ्हाटीबद्दल बोलतात, बैलांबद्दल बोलतात. त्यांचं ते आयुष्य फक्त बोटीवरच्या साथीदाराजवळ असतं. तो गेला की तेही गेलं.

आणि घाई करा. आपली पहिली पाणबुडी कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला रिगा बंदरात नौदलात दाखल झाली. त्या वेळी विशीत असलेला पोरगा आज ऐंशीच्या घरात आहे. सभा दोन महिन्यांनी असली तरी फोन आजच लावा.

शोधायचा कसा? घरातली जुनी फोनची डायरी काढा. दिवाळीला किंवा नवीन वर्षाला कोणाचा हिंदीतून फोन यायचा, ते काकूंना, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारा. त्यांना नाव आठवणार नाही, पण ‘विशाखापट्टणमवाले’ किंवा ‘ते केरळचे भाऊ’ एवढं नक्की आठवेल. जुन्या ग्रुप फोटोंच्या मागे नावं लिहिलेली असतात. फोटो फ्रेममधून काढून मागची बाजू पाहा. काचेवरून मोबाइलनं फोटो काढला आणि झालं, असं करू नका. बर्फातला फोटो सापडला तर जपून ठेवा. पहिल्या बोटींचे लोक सोविएत संघात शिकायला होते, १९८६ च्या शिशुमारचे जर्मनीत कीलला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ईसीएचएसच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या माजी सैनिकांना विचारा, माजी नौसैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका. विशाखापट्टणमला रामकृष्ण बीचवर कुरसुरा ही जुनी पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून ठेवली आहे आणि आत माहिती सांगायला निवृत्त नौसैनिकच असतात. गावातलं कोणी तिरुपतीला नाहीतर तिकडे फिरायला निघालं असेल तर त्याच्याजवळ फोटो द्या.

माणूस सापडला की काय विचारायचं, हे आधी लिहून घ्या. मोहिमांबद्दल खोदू नका. तो सांगणार नाही आणि आपणही विचारू नये. जगणं विचारा. झोपायची जागा कुठे होती? कामाची पाळी कोणती असायची? जुन्या बोटी डिझेल आणि बॅटरीवर चालायच्या. पाण्याखाली बॅटरी, ती उतरली की वर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येऊन स्नॉर्केलच्या नळीतून हवा घेत इंजिन चालवायचं आणि बॅटरी भरायची. तेव्हा आत कसं वाटायचं? गोडं पाणी मोजून मिळायचं, मग आंघोळीचं काय? कपड्यांचा डिझेलचा वास जायचा का? आमचा माणूस भीतीच्या वेळी कसा वागायचा? तो हसायचा कशावर? घरचं पत्र आलं की काय करायचा? हे शेवटचे तीन प्रश्न सोडू नका. त्याच्या नातवंडांना ऐकायचं आहे ते हेच.

बोलणं रेकॉर्ड करा आणि आधीच करा. सभेत व्हिडिओ कॉल लावू म्हणाल तर संध्याकाळी गावात रेंज नसते आणि पलीकडचा म्हातारा माणूस हॅलो हॅलो करत बसतो. सकाळी त्याचा चहा झाला की फोन करा. हिंदीत बोलला तर बोलू द्या. त्यातला दहा मिनिटांचा भाग निवडा, मराठीत लिहून काढा, आणि मूळ आवाज थोडा ऐकवून बाकीचं पोरांपैकी कोणाकडून वाचून घ्या. स्पीकरला मोबाइल जोडून आदल्या दिवशी ऐकून पाहा.

आता तारीख. ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन, म्हणून तोच धरावासा वाटतो. धरा, पण आपल्याकडे त्या आठवड्यात काय काय असतं ते पाहून धरा. ६ ला महापरिनिर्वाण दिन. वस्तीतली कितीतरी माणसं दादरला गेलेली असतात आणि ८ पर्यंत परततात की नाही सांगता येत नाही. आपला माणूस त्याच वस्तीतला असेल तर तारीख सरळ पुढे ढकला. ७ ला सशस्त्र सेना ध्वजदिन, त्यामुळे सैनिक कल्याण कार्यालयाचे साहेब त्या दिवसांत मिळणं कठीण. ८ ला संताजी जगनाडे महाराजांची जयंती असते, तेव्हा समाजमंदिर आधीच कोणी घेतलेलं असू शकतं. नागपूरला अधिवेशन असलं तर आमदार, ठाणेदार, तहसीलदार कोणाचाच भरवसा धरू नका. त्यांच्यावाचून सभा अडत नाही. बाजाराचा दिवस टाळा. दिवसा सभा ठेवू नका, कापूस वेचायला गेलेल्या बाया कशा येणार? आणि शेतीची थ्री फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची आहे का ते लाइनमनला विचारा. असली तर अर्धे लोक हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात असतील. शब्द द्यायच्या आधी हे सगळं पाहा.

नौदलाचे कागद मिळवा. डिस्चार्जचे कागद, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, पदकं असतील तर पदकं. कागद वाचताना एक गफलत हमखास होते. आयएनएस वीरबाहू हे नाव दिसलं की लोक ती बोट समजतात. वीरबाहू हा विशाखापट्टणमचा पाणबुड्यांचा किनाऱ्यावरचा तळ आहे. सातवाहन हे पाणबुडीचं शिक्षण देणारं ठिकाण, तेही जमिनीवरच. बोटींची नावं वेगळी: पहिल्या चार कलवरी, खांदेरी, करंज, कुरसुरा, मग वेला, वागीर, वागली, वागशीर, पुढे सिंधुघोषच्या मालिकेतल्या आणि शिशुमारच्या. दुसरी गफलत याहून मोठी. ही जुनी नावं नव्या बोटींना परत दिली आहेत. इंटरनेटवर ‘कलवरी’ शोधलं की २०१७ साली दाखल झालेली नवी कलवरी समोर येते. तुमचा माणूस १९८० मध्ये निवृत्त झाला असेल तर त्या फोटोचा त्याच्याशी काही संबंध नाही. शंका आली तर कोणाला विचारायचं? बोटीवरच्या माणसाला. फोन केला की नाही अजून?

बॅनरचा मजकूर स्वतः लिहून द्या आणि छापायच्या आधी फ्लेक्सवाल्याच्या दुकानात बसून पाहा. तो पुलगाव-कामठीच्या लष्करी जवानांचे बॅनर करून सरावलेला असतो. नौसैनिकाच्या मागेही रणगाडा आणि हातात बंदूक टाकून देतो. पाणबुडी टाकलीच तर अमेरिकेची टाकतो. वृद्धापकाळानं घरी वारलेल्या माणसाला ‘शहीद’ लिहू नका. ‘दिवंगत माजी नौसैनिक’ पुरे, त्याखाली हुद्दा आणि बोटीचं नाव. तिरंगा टेबलावर किंवा फोटोवर पांघरू नका. ध्वजसंहितेत तो मान फक्त शासकीय, लष्करी आणि निमलष्करी अंत्यसंस्काराला आहे. टेबलाला पांढरी चादर चांगली दिसते.

बोलणाऱ्यांना आधी भेटा, कारण १९७१ चा विषय निघाला की सगळं एकमेकांत मिसळतं. पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री बुडाली. ती आपल्या पाणबुडीनं बुडवलेली नाही. खुकरी ही पाणबुडी नव्हती. ती आपली फ्रिगेट, म्हणजे पाण्यावरची युद्धनौका होती, ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं तिला बुडवलं आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आपल्या पाणबुड्या त्या युद्धात गस्तीवर होत्या. करंजचे कमांडर व्ही. एस. शेखावत यांना वीरचक्र मिळालं, पुढे ते नौदलप्रमुख झाले. एवढं कागदावर लिहून वक्त्याच्या हातात द्या. नोकरीवर असताना गेलेल्यांचा उल्लेख वेगळा आणि आधी करा: १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीवर स्फोट होऊन १८ जण गेले, २६ फेब्रुवारी २०१४ ला सिंधुरत्न पाणबुडीच्या आगीत दोन अधिकारी गेले.

शाळेच्या मैदानावर बोट आखा. हे अगदी मनापासून सांगतो, कारण आपल्या इकडच्या माणसाला समुद्रच माहीत नाही, मग समुद्राच्या आतलं घर कसं कळेल? जुनी कलवरी ९१ मीटर लांब आणि जेमतेम साडेसात मीटर रुंद होती. कबड्डीची सात मैदानं लांबीत एकापुढे एक लावली की तेवढी लांबी होते. फक्कीनं तो आकार आखा, आडव्या रेघांनी सात भाग करा. बोटीतही सात कप्पे होते आणि एकातून दुसऱ्यात जायला वाकून, आधी पाय टाकून गोल भोकातून जावं लागे. मग मुलांना सांगा, पुढच्या आणि मागच्या कप्प्यात टॉर्पेडो आहेत, मधे तीन डिझेल इंजिनं आहेत, खाली बॅटऱ्या आहेत, आणि उरलेल्या जागेत पंचाहत्तर माणसं आहेत. वरच्या वर्गांतली पंचाहत्तर पोरं त्यात उभी करा. एखादा बापही येऊन उभा राहील, राहू द्या. मैदान सकाळीच आखा, संध्याकाळी दव पडतं आणि उजेडही नसतो. साथीदाराला फोनवर विचारा की आपला माणूस कोणत्या कप्प्यात काम करायचा. त्या जागी त्याच्या नातवाला उभं करा. साथीदाराशी बोललाच नसाल तर ती जागा सापडणार नाही.

काकूंबद्दल. त्यांना भिंतीपाशी बायांमध्ये मागे बसवू नका. पहिल्या ओळीत खुर्ची, आणि दीपप्रज्वलन त्यांच्याच हातून. विधवेनं दिवा लावावा का, असं कोणी विचारलं तर तिथेच गप्प करा. तो समुद्रात होता तेव्हा शेत, पेरणी, सासू-सासरे, पोरांची शाळा, कापसाचा चुकारा हे सगळं त्यांनी एकटीनं निभावलं आहे. सभेत हे बोललं गेलं पाहिजे. पण ऐनवेळी माइक हातात देऊ नका. आधी घरी जाऊन बसा, त्यांना बोलायचं नसेल तर त्यांनी सांगितलेलं सुनेनं वाचावं.

तालुक्यातले आधी गेलेले पाणबुडीवालेही असतील तर सगळ्यांची नावं घ्या. एक नाव, त्याची बोट, आणि शाळेच्या घंटेचा एक टोला. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या ५२ पाणबुड्यांची नावं अशीच घंटेच्या टोल्यावर वाचतात. आपल्या घंटेचा आवाज वेशीपर्यंत जातो, ती पुरते. घराण्याची रीत विचारून घ्या: गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना, त्रिशरण-पंचशील, जे असेल ते. मग दोन मिनिटं मौन.

बाकी नेहमीचंच. बिछायत, माइक, जनरेटर, चहा. हार-तुरे कमी. थंडी असते, म्हाताऱ्यांसाठी शेकोटीला लाकडं. भाषणं तीनच, आणि साथीदाराचं बोलणं पहिलं लावा. शेवटी ठेवलं तर तोवर लोक उठलेले असतात. आभार दोन मिनिटांत.

रेकॉर्डिंगच्या प्रती काढा: मुलाला, मुलीला, शाळेला. मुलगी सासरी असते म्हणून तिला विसरतात. एक प्रत साथीदारालाही पाठवा, सभेच्या फोटोंसकट, आणि त्याच्या बोटीवरचे आणखी कोण हयात आहेत ते त्या वेळीच विचारून नंबर लिहून ठेवा. माइकवाल्याचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी.