इन्स्टाच्या बायोत स्वतःच्या साइटचं पान: बांधायचं कसं, अडतं कुठे

इन्स्टाग्रामवर पोस्टखाली टाकलेली लिंक दाबता येत नाही, म्हणून जो तो ‘ऑर्डरसाठी लिंक बायोत’ असं लिहितो. बायोत बघावं तर सगळ्या लिंका एका पानावर मांडून देणाऱ्या लिंकट्रीसारख्या एखाद्या सेवेचा पत्ता. सेवा वाईट नाही, दहा मिनिटांत काम होतं. पण तो पत्ता तुमचा नसतो. जळगावच्या एखाद्या गृहउद्योगाने बिबडे-कुरडयांच्या हजार पिशव्यांवर तो छापून घेतला आणि पुढे खातं अडकलं, तर पिशव्या रद्दीत जातात. स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या नावावर घेतलेल्या वेबपत्त्यावर, पान असलं की आतल्या लिंका रोज बदलता येतात, छापलेला पत्ता तोच राहतो.

डोमेन घेताना दोन गोष्टी बघा. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. आणि डोमेन स्वतःच्या ईमेलवरच नोंदवा. साइट बनवून देणाऱ्या पोराच्या ईमेलवर ते असलं, तर तो पुण्याला नोकरीला गेल्यावर पासवर्डसाठी फोन करत बसावं लागतं. डॉट भारत हा देवनागरी पत्ता दिसायला छान, पण काही ॲप त्याचं रोमन अक्षरांचं अगम्य कडबोळं करून दाखवतात. बायोसाठी साधं डॉट इन बरं.

आधीच वर्डप्रेसची साइट असेल तर नवं पान उघडा, वरचा मेनू आणि बाजूची पट्टी नसलेला कोरा साचा निवडा आणि पानाचा पत्ता ‘लिंक्स’ असा आखूड, रोमन अक्षरांत ठेवा. मराठी पत्ता कॉपी केला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. साइट नसेल तर एक एचटीएमएल फाइल (वेबपानाचा साधा कोड) पुरते, ती क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट ठेवता येते. गिटहब पेजेसही फुकट आहे, पण ऑनलाइन धंदा चालवायला त्यांच्या नियमांत परवानगी नाही.

पानावर काय असावं? वर नाव आणि गाव, खाली चार-पाच बटणं. दहा-बारा झाली की माणूस वाचत नाही, परत फिरतो. पहिलं बटण व्हॉट्सॲपचं, कारण आपल्याकडे ऑर्डर तिथेच येते. मग दरपत्रक, नकाशा, आणि हंगामाचं एक बटण: थंडीत भरीत पार्टीची नोंदणी, फेब्रुवारीनंतर बिबडे-पापडाची आगाऊ मागणी. हंगाम सरला की ते काढा. एप्रिलच्या उन्हात भरिताची वांगी दाखवणारं पान बघून दुकान बंद पडलंय असंच वाटतं.

बटणाची उंची किमान ४८ पिक्सेल, दोन बटणांत ८ पिक्सेल मोकळे. अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको आणि ओळींची उंची दीडपट ठेवा. इंग्रजीसाठी बनवलेल्या साच्यात ती १.२ असते आणि मग वेलांट्या, रफार कापले जातात. व्ह्यूपोर्टचा टॅग (पान फोनच्या रुंदीला बसवणारी कोडमधली ओळ) विसरलात तर सगळं पान मुंगीएवढं दिसेल. कोडमध्ये पानाची भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, अशी नोंदवा. सजावटीचा देवनागरी फाँट मात्र जोडू नका. फोनमध्ये फाँट असतोच, आणि तोरणमाळ-धडगावकडच्या गिऱ्हाइकाचं नेटवर्क अशा फाइलीसाठी अडून बसतं. सगळं पान फोटोसकट ३०० केबीच्या आत बसवा.

व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात. ‘डब्ल्यूए डॉट एमई’, मग तिरकी रेघ, मग ९१ आणि लगेच दहा अंकी नंबर. अधिकचं चिन्ह नको, आधी शून्य नको, मध्ये जागा नको, आणि अंक इंग्रजीच (1, 2, 3) हवेत. पुढे ‘टेक्स्ट’ जोडून तयार संदेश देता येतो: ‘बिबड्यांचे दर कळवा’. त्यातली रिकामी जागा टक्क्याचं चिन्ह आणि २० अशी लिहावी लागते. मराठी मजकूर एखाद्या यूआरएल एन्कोडरमधून (मजकुराचं लिंकेत चालणाऱ्या चिन्हांत रूपांतर करणारं साधन) काढून मगच टाका.

पैशांसाठी पानावर क्यूआरचं चित्र लावणारे पुष्कळ. पण ज्या मोबाईलवर पान उघडलंय, त्याच मोबाईलने ते स्कॅन कसं करणार? यूपीआय आयडी कॉपी करता येईल असा मजकुरात द्या.

बाहेर जाणाऱ्या लिंका थेट देण्याऐवजी स्वतःच्या पत्त्यावरून वळवा. क्लाउडफ्लेअरवर अंडरस्कोरने सुरू होणारी ‘रिडायरेक्ट्स’ नावाची फाइल ठेवायची. एका ओळीत तुमचा मार्ग (तुमच्या पत्त्यापुढचा शब्द), जायचा पत्ता आणि ३०२, म्हणजे तात्पुरत्या वळणाचा कोड. इथे ३०१ वापरू नका: ते कायमचं वळण मानून ब्राउझर लक्षात ठेवतो, आणि तुम्ही पत्ता बदललात तरी जुनं गिऱ्हाईक जुन्याच जागी जातं. इन्स्टा, फेसबुक आणि पिशवीवरचा क्यूआर या तिघांना वेगवेगळे मार्ग देऊन शेवटी यूटीएम सोर्स (कुठून आला ते सांगणारी लिंकेतली खूण) जोडला, की साइटच्या ॲनालिटिक्समध्ये माणूस कुठून आला ते कळतं.

पिशवीवरचा क्यूआर स्थिर प्रकारचाच बनवा. ‘डायनॅमिक’ क्यूआर त्या कंपनीच्या पत्त्यावरून जातो, वर्गणी संपली की तोही संपतो. छपाईत बाजू किमान २ सेंटीमीटर आणि भोवती पांढरी कड सोडा. चकचकीत प्लॅस्टिकवर आधी एकच नमुना छापून उन्हात स्कॅन करून बघा.

लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की दिसणारा फोटो पानाच्या कोडमधल्या ओपन ग्राफ टॅगमधून येतो: १२०० बाय ६३० पिक्सेल, हलका. फोटो बदलूनही फेसबुकवर जुनाच दिसला तर त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून पान पुन्हा वाचायला लावा.

इन्स्टाने एप्रिल २०२३ पासून बायोत पाच लिंकांची सोय दिली आहे. तरी एकच टाका. एकापेक्षा जास्त टाकल्या की फक्त पहिली दिसते, बाकीच्या ‘आणखी’ या शब्दामागे जातात.

शेवटची तपासणी क्रोममध्ये नको, इन्स्टाच्या ॲपमधूनच करा, तीही दुसऱ्याच्या फोनवर. ॲपच्या आतला ब्राउझर वेगळा असतो. पीडीएफ दरपत्रक त्यात कधी उघडतं, कधी नुसती पांढरी पाटी. म्हणून दर पानावरच लिहा. फोटो जोडायला लावणारा गूगल फॉर्म लॉगिन मागतो, आणि अशा ब्राउझरमधून गूगल लॉगिन करू देत नाही. फॉर्ममधून फोटोचा रकाना काढा, फोटो व्हॉट्सॲपवर मागवा.