जुनी पेट्रोल एसयूव्ही मिसिंग मारते तेव्हा: आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट बदला

सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग थरथरतं, घाटात रेस दिली की गाडी आचके देते, पिकअप निम्म्यावर येतो आणि पेट्रोल मात्र जास्त पिते. गॅरेजमध्ये याला एकच शब्द आहे: गाडी मिसिंग मारते. म्हणजे चारपैकी एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेवर पेटत नाही, किंवा पेटतच नाही. पेटायला चार गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल, हवा आणि दाब. यातली कुठली कमी पडते हे न बघता आधी ठिणगी पाडणारे प्लग, मग त्यांना वीज देणाऱ्या चारही कॉइल, मग पेट्रोल फवारणारे इंजेक्टर असं बदलत गेलं की खर्च वाढतो आणि थरथर तशीच राहते.

उदाहरणाला २००२ ते २००६ या काळातली दुसऱ्या पिढीची होंडा सीआर-व्ही घेऊ, २.४ लिटर के-मालिकेच्या इंजिनाची. मिसिंगची नेहमीची सगळी कारणं हिच्यात सापडतातच, शिवाय एक असं कारण सापडतं जे प्लग-कॉइल बदलून कधीच जात नाही. पद्धत मात्र चार सिलिंडरच्या कुठल्याही पेट्रोल गाडीला चालेल. डिझेल गाडीला स्पार्क प्लगच नसतात, तिचा तपास वेगळा.

सुरुवातीलाच एक सांगतो. ‘चेक इंजिन’चा दिवा स्थिर जळत असेल तर गाडी सावकाश घरी नेता येते. तो लुकलुकत असेल तर रेस कमी करा, बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि त्याला आतून वितळवू शकतं. प्लगच्या किमतीत निभावलं असतं ते काम मग कन्व्हर्टरच्या किमतीला जातं.

१. मिसिंग कधी होते, ते लिहून ठेवा

हे फुकटचं काम बहुतेक जण टाळतात, आणि मेकॅनिकला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. चढावर, लोड आल्यावरच आचके बसतात? बहुधा ठिणगी कमजोर आहे. फक्त आयडलिंगला (रेस न देता इंजिन चालू असताना) थरथर आणि रेस दिली की सुरळीत? हवेची गळती किंवा व्हॉल्व्हचा (सिलिंडरच्या झडपांचा) संशय घ्या. पावसात किंवा गाडी धुतल्यावर सुरू झाली? कॉइलचे रबरी बूट बघा, आणि गाडी आणखी जुनी असेल तर प्लग वायर. सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक? सीएनजी पेटवायला जास्त जोराची ठिणगी लागते, त्यामुळे थकलेला प्लग आधी सीएनजीवर उघडा पडतो. ज्यांच्या गाडीला किट आहे त्यांनी पुढच्या सगळ्या चाचण्या पेट्रोलवर कराव्यात.

२. कोड वाचा

गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचा कोड साठवून ठेवतो; तो वाचायला स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावा. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०४ म्हणजे चौथा. पी०३०० आला तर दोष एका सिलिंडरला धरून नाही, मग हवा-पेट्रोलकडे आधी बघा. सीआर-व्हीत पहिला सिलिंडर म्हणजे पट्ट्याच्या बाजूचा.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ (कोड वाचायची ठरलेली पद्धत) आहेच. भारतात त्याची सक्ती २०१३ मध्ये आली, त्यामुळे इथल्या जुन्या गाडीशी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बोलेलच असं नाही. नाही बोलला तरी अडत नाही. इंजिन बंद करा, पहिल्या इंजेक्टरचं कनेक्टर काढा आणि चालू करून ऐका. आयडलिंग आणखी बिघडलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोषी सिलिंडर सापडला. बंद करून कनेक्टर परत लावा आणि पुढच्याकडे जा. चालू इंजिनवर प्लग वायर ओढून बघायची जुनी सवय सोडा. तिथे हजारो व्होल्ट असतात, शिवाय त्या सिलिंडरचं कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जात राहतं.

३. कॉइलची अदलाबदल

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्याचा फायदा इथे होतो. समजा तिसरा सिलिंडर दोषी आहे. इंजिन थंड झाल्यावर वरचं प्लास्टिक कव्हर काढा. कॉइलच्या कनेक्टरचं लॉक बोटाने पूर्ण दाबा आणि कनेक्टर धरूनच मागे ओढा. वायरला धरून ओढू नका. वीस वर्षं इंजिनाच्या गरमीत राहिलेलं ते प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढा, कॉइल आधी थोडी डावी-उजवीकडे फिरवून रबर सुटू द्या आणि मग सरळ वर उचला.

तिसऱ्याची कॉइल पहिल्याला लावा, पहिल्याची तिसऱ्याला. कोड पुसा आणि गाडी त्याच परिस्थितीत चालवा ज्यात मिसिंग होत होती. मिसिंग पहिल्या सिलिंडरवर आली तर कॉइल गेली, एकच बदला. तिसऱ्यावरच राहिली तर कॉइल चांगली आहे, नवीन घेऊ नका.

४. प्लग काढा आणि वाचा

प्लगच्या खड्ड्यात आधी हवा मारा. तिथे साचलेली माती-वाळू प्लग काढताच थेट सिलिंडरमध्ये पडते. खड्ड्यात ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि प्लगच्या नळीचे सील गेलेत. त्या ऑइलने कॉइलचं रबर फुगतं आणि ठिणगी बाहेरच्या बाहेर निघून जाते, म्हणून सील न बदलता नुसती कॉइल बदलली तर तीही थोड्या दिवसांत जाते.

प्लग १६ मिलिमीटरच्या पान्याने निघतो. क्रमाने मांडून ठेवा, कुठला कुठून काढला हे विसरू नका. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी नाही, ऑइलने ओला म्हणजे पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलं. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथून पळत होती. असा प्लग टाकून द्या आणि त्या कॉइलचं रबरही बदला.

या इंजिनाला बारीक टोकाचे प्लग असतात, गॅप १.० ते १.१ मिलिमीटर. तारेच्या ब्रशने घासून ते पुन्हा बसवू नका, बारीक टोक तुटतं. नवीन प्लग आधी हातानेच आटे धरून फिरवा, शेवटी १८ न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने कसा. हेड, म्हणजे प्लग बसतो तो इंजिनाचा वरचा भाग, अॅल्युमिनिअमचं आहे, जोर लावलात तर आटे जातात.

५. हवा आणि पेट्रोल

बोनेट उघडून आयडलिंगला कान द्या. ‘स्स्स’ असा आवाज येत असेल तर कुठलातरी रबरी पाइप फाटलाय किंवा इनटेकचं पॅकिंग गळतंय. ज्वलनशील क्लीनर फवारून गळती शोधणारे खूप आहेत, पण गरम इंजिनवर तो प्रकार धोक्याचा आहे. एकेक पाइप बोटाने दाबून आवाज बदलतो का बघा, तेवढ्याने बहुतेक वेळा काम होतं. इंजेक्टरवर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाशी धरला की टिक-टिक ऐकू यायला हवी. एकाचीच येत नसेल तर त्याचं कनेक्टर आणि वायर आधी तपासा. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टाकीतल्या पेट्रोलवरही संशय घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

६. कॉम्प्रेशन

कॉइल, प्लग, हवा, इंजेक्टर सगळं ठीक आणि मिसिंग त्याच सिलिंडरला? मग दाब मोजा. चारही प्लग काढा, कॉइल आणि इंजेक्टरची कनेक्टर काढून ठेवा, गेज बसवा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. बॅटरी चार्ज असावी, नाहीतर आकडे खोटे येतात. प्रत्येक सिलिंडरला किमान १३५ पीएसआय (दाबाचं माप) हवं, आणि दोन सिलिंडरमधला फरक २८ पीएसआयपेक्षा जास्त नको.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंग झिजल्यात. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलं. एकच सिलिंडर कमी आणि ऑइल टाकूनही आकडा तिथेच असेल, तर आधी टॅपेटकडे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाकडे बघा.

७. टॅपेट: या गाडीचं खरं दुखणं

या इंजिनाला आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, टॅपेट आणि व्हॉल्व्हमधला गॅप हाताने सेट करावा लागतो. वर्षं जातात तशी धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (बसायची जागा) झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत-आत बसत जातो आणि गॅप कमी होत शेवटी संपतो. मग व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची गरमी बाहेर जायचा मुख्य रस्ता ती सीटच असते. तो बंद झाला की व्हॉल्व्हची कड जळते, दाब निसटतो आणि गाडी आयडलिंगला थरथरू लागते. सीएनजीवर चाललेल्या गाडीत हे लवकर होतं.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे याचा आवाज येत नाही. सैल टॅपेट टकटक करतं म्हणून मालक लगेच गॅरेज गाठतो. घट्ट टॅपेट गप्प राहून व्हॉल्व्ह जाळतं. म्हणूनच आवाज बंद करायला टॅपेट अंदाजाने आवळणाऱ्या मेकॅनिकला थांबवा आणि फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) लावायला सांगा.

इंजिन पूर्ण थंड हवं, ३८ अंशांच्या खाली. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे काम पहाटेच करा. टॅपेट कव्हर काढा, पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणा आणि कॅमच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्याच्या) चाकावरची ‘अप’ खूण वर आहे याची खात्री करा. इनटेकचा (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) गॅप ०.२१ ते ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्टचा ०.२८ ते ०.३२. गेजची पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे. गॅपचा स्क्रू पक्का धरणारा चेक नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. मग क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) अर्धा फेरा पुढे नेत तिसरा, चौथा, दुसरा या क्रमाने जा.

गॅप घट्ट होता आणि सेट केल्यावर दाब परत आला, तर हेड वाचलं. गाडी चालवा, कोड पुसा आणि काही हजार किलोमीटरनंतर तोच गॅप पुन्हा मोजा. गॅप बरोबर करूनही दाब आला नाही तर व्हॉल्व्ह जळलाय, हेड उतरवावं लागेल. तेव्हा एकच व्हॉल्व्ह बदलून भागवू नका; चारही सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट तपासून घ्या, सगळे व्हॉल्व्ह सील नवीन टाका आणि वर्कशॉपमधून आलेलं हेड बसवण्याआधी प्लेन (सपाट) आहे ना ते सरळ पट्टीने समोर मोजून घ्या. कॉम्प्रेशनचे चारही आकडे कागदावर लिहून मेकॅनिकला द्या. काम झाल्यावर त्याच कागदावर नवे आकडे मागा.